तळं वाचलं, पण कळलं का?

शैक्षणिक तंत्रज्ञानात पीएच.डी. करतेय म्हटलं की लोक विचारायचे, "म्हणजे अ‍ॅप बनवतेस का?" बनवत होते, हे खरं. पण त्या सगळ्या काळात सॉफ्टवेअर लिहिण्यात गेलेला वेळ सर्वांत कमी होता आणि सर्वांत सुखाचाही. बाकीचा वेळ एका प्रश्नाने खाल्ला: समोरचा माणूस गुंतागुंतीची समस्या सोडवायला शिकला, हे ओळखायचं कसं?

सिनॉप्सिसच्या, म्हणजे संशोधनाच्या आराखड्याच्या, मसुद्यात मी लिहिलं होतं, 'सिम्युलेशनच्या (संगणकावर उभ्या केलेल्या आभासी परिस्थितीच्या) साहाय्याने विद्यार्थ्यांची जटिल समस्या सोडवण्याची क्षमता वाढवणे'. मॅडमनी, म्हणजे माझ्या गाईडनी, पेन्सिलीने दोन शब्दांखाली रेघा ओढल्या. 'सिम्युलेशन'पुढे लिहिलं 'का?' आणि 'वाढवणे'पुढे लिहिलं 'कसं कळणार?'. बाकी पान कोरं.

त्या 'का?'मागे या क्षेत्रातलं एक जुनं भांडण आहे. रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ साली लिहिलं की माध्यम हे फक्त वाहन असतं. किराणा आणणाऱ्या ट्रकमुळे जसं आपलं पोषण सुधारत नाही, तसं माध्यमामुळे शिकणं सुधारत नाही. सुधारणा होते ती शिकवण्याच्या पद्धतीमुळे. पुढे रॉबर्ट कोझ्मा यांनी त्याला उत्तर दिलं, की प्रत्येक माध्यमाला काही गोष्टी विशेष जमतात, तेव्हा 'फरक पडतो का' यापेक्षा 'कोणत्या कामासाठी काय जमतं' हे विचारा. हा वाद वाचून झाल्यावर सिम्युलेशनच का, याचं माझं उत्तर एका वाक्यात आलं: आज केलेल्या गोष्टीचा परिणाम पंधरा वर्षांनी दिसतो अशा समस्येचा सराव वर्गात दुसऱ्या कुठल्या मार्गाने करून घेता येत नाही. मॅडम म्हणाल्या, "हं. हे पुरेल. आता दुसऱ्या प्रश्नाकडे बघ." त्या दुसऱ्या प्रश्नाने मग पुढची वर्षं घेतली.

आधी समस्या कोणती घ्यायची ते ठरवायचं होतं. पाठ्यपुस्तकातली उदाहरणं कितीही अवघड असली तरी त्यांना हवी तेवढी माहिती दिलेली असते, एक उत्तर असतं आणि ते मागच्या पानांवर छापलेलं असतं. हर्बर्ट सायमन यांनी १९७३ सालीच नीट बांधलेल्या आणि विस्कळीत समस्यांमधली सीमा किती धूसर आहे हे दाखवलं होतं. डेव्हिड जोनासन यांनी २००० साली समस्यांचे अकरा प्रकार मांडले, तर्काच्या कोड्यांपासून थेट नैतिक पेचांपर्यंत, आणि प्रत्येकाला शिकवण्याची रीत वेगळी लागते असं म्हटलं. मला मात्र जास्त ओढलं ते जर्मन मानसशास्त्रज्ञ डिट्रिश डोर्नर यांच्या कामाने. त्यांनी सत्तरच्या दशकात 'लोहहाउझेन' नावाचं एक काल्पनिक गाव संगणकात उभं केलं. दोन हजारांहून अधिक बदलती घटकमूल्यं. अठ्ठेचाळीस जणांना त्या गावाचं महापौर केलं आणि दहा वर्षं कारभार करायला सांगितला. काहींनी गाव सावरलं, बऱ्याच जणांनी बुडवलं. बुडवणारे एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारत होते, किंवा एकाच लाडक्या विषयात तोंड खुपसून बसत होते. सावरणारे 'का' जास्त विचारत होते. यशाचा बुद्ध्यांकाशी फारसा संबंध नाही, हा डोर्नर यांचा दावा पुढे बराच वादात सापडला. पण त्या समस्येची लक्षणं मात्र सगळ्यांनी उचलली: खूप घटक, एकमेकांत अडकलेले, तुम्ही हात न लावताही आपोआप बदलणारे, सगळे डोळ्यांना न दिसणारे, आणि एकमेकांशी न जुळणारी उद्दिष्टं.

मी तळं निवडलं. भोवती शेती, शेतातून वाहून येणारं खत, तळ्यात मासे, माशांवर जगणारे लोक आणि पोहायला येणारे पर्यटक. गोड्या पाण्याच्या तळ्यात शेवाळ माजायला बहुतेक वेळा फॉस्फरस कारणीभूत असतो. कॅनडात १९७३ साली 'लेक २२६' हे तळं पडद्याने दोन भागांत विभागून हे दाखवलं गेलं होतं: दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातलं, एकात वर फॉस्फरसही, आणि त्याच भागाचं पाणी हिरवं झालं. मला मोहात पाडलं ते पुढच्या भागाने. फॉस्फरस तळाच्या गाळात साठत जातो. खत बंद केलं तरी गाळातला फॉस्फरस वर्षानुवर्षं पाण्यात परत येत राहतो. म्हणजे योग्य निर्णय घेतल्यावरही बराच काळ काही चांगलं दिसत नाही. एवढी चांगली समस्या आयती मिळत असताना काल्पनिक गाव कशाला वसवायचं?

मॉडेल एका बैठकीत बनलं नाही, पण त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. जे फॉरेस्टर यांनी एमआयटीत पन्नासच्या दशकात सिस्टिम डायनॅमिक्सची, म्हणजे काळानुसार बदलणाऱ्या व्यवस्थांचं मॉडेल करण्याची, जी पद्धत घालून दिली तीच वापरली: साठे, प्रवाह, विलंब. पडद्यावर खत, होड्या, पर्यटन कर आणि तळाची सफाई असे चार स्लायडर, खाली आलेख, आणि 'पुढचं वर्ष' असं एक बटण. तीस वर्षं सांभाळायची.

पूर्वचाचणीसाठी मी एक प्रसिद्ध प्रश्न उसना घेतला. एका दुकानात दर मिनिटाला किती लोक आत गेले आणि किती बाहेर पडले याचा आलेख दिलेला असतो. दुकानात सर्वांत जास्त लोक कोणत्या मिनिटाला होते ते सांगायचं. गणित नाहीच त्यात. आत जाणारे जोवर बाहेर येणाऱ्यांपेक्षा जास्त आहेत तोवर गर्दी वाढणार, एवढंच. तरीही उच्चशिक्षित लोक ज्या मिनिटाला सर्वांत जास्त माणसं आत शिरली तेच मिनिट सांगतात. क्रोनिन, गोन्झालेझ आणि स्टरमन यांनी २००९ साली या चुकीवर लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. माझ्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी अगदी तेच केलं. सायन्सच्या एका प्राध्यापकांनी उत्सुकतेने पेपर मागून घेतला, सोडवला, आणि 'वेळ कमी होता' म्हणून परत केला.

पायलटमध्ये, म्हणजे मुख्य अभ्यासाआधीच्या छोट्या चाचणीत, प्रत्येकाने मोठ्याने विचार करत सिम्युलेशन चालवायचं होतं. या पद्धतीचा एक कडक नियम आहे, एरिक्सन आणि सायमन यांनी घालून दिलेला: माणूस गप्प झाला तर 'बोलत राहा' एवढंच म्हणायचं. 'असं का केलंत?' हे विचारायचं नाही, कारण विचारलं की तो कारण शोधायला लागतो आणि त्याच्या विचारांची वाटच बदलते. शिक्षकी पेशातल्या बाईसाठी याहून मोठी शिक्षा नाही. समोर एक मुलगी खत शून्यावर आणते, पाच वर्षं वाट बघते, शेवाळ तसंच, म्हणते "म्हणजे खताचा काही संबंध नाही", आणि खत परत पूर्वीइतकं करते. मी हाताची मूठ आवळून म्हणते, "बोलत राहा."

या रेकॉर्डिंगमधून जी गोष्ट वर आली तिची कल्पना मला साहित्य वाचून आली नव्हती. कार्यकारण शोधण्याची शाळेतली रीत म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकीच्या स्थिर ठेवा. पिसा या शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या २०१२ सालच्या फेरीत समस्या सोडवण्याची परीक्षा संगणकावर झाली. त्यातल्या एअर कंडिशनरच्या प्रश्नात तीन स्लायडर होते आणि कोणता तापमान बदलतो, कोणता आर्द्रता, ते शोधायचं होतं. तिथे ही रीत वापरणारी मुलं पुढे गेली. माझ्या तळ्यात हीच रीत जशीच्या तशी लावणारे फसत होते. कारण तळं थांबत नाही. तुम्ही एक स्लायडर हलवून बघत असता, त्याच वेळी मागच्या दहा वर्षांचा गाळ आपलं काम करत असतो. तिथे पहिल्यांदा एक वेगळीच चाल हवी: काहीही न बदलता दोन-तीन वर्षं नुसतं पुढे जायचं आणि तळं आपणहून कुठे चाललंय ते पाहायचं.

पायलटमध्ये जवळजवळ कुणीच ते केलं नाही. 'पुढचं वर्ष' दाबण्याआधी प्रत्येकाचा हात एखाद्या तरी स्लायडरकडे जायचाच. नंतरच्या गप्पांत एकाने सांगितलं, "मॅडम, काही न करता बटण दाबलं तर तुम्हाला वाटलं असतं मला काही येत नाही." हे वाक्य प्रबंधात तसंच्या तसं आहे. परीक्षेच्या सवयीने पोसलेल्या मुलाला निरीक्षण म्हणजे कोरं सोडलेलं उत्तर वाटतं. हे कुठल्याही सॉफ्टवेअरच्या आधीचं दुखणं आहे.

मोजमापाचा प्रश्न इथे खऱ्या अर्थाने उभा राहिला. तळ्याचा गुण मोजणं सोपं होतं: तिसाव्या वर्षी किती मासे, किती शेवाळ, लोकांचं उत्पन्न किती. पण काही जणांचं तळं निव्वळ नशिबाने वाचायचं. आणि ज्यांना नेमकं काय घडतंय ते उमगलं होतं त्यांना बहुधा विसाव्या वर्षी उमगलेलं असायचं, तोवर तळं गेलेलं. गुण बघितले तर पहिला हुशार, दुसरा ढ.

मायकेल स्पेक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी एक वाट काढली होती. माणसाला समस्येचं वर्णन द्यायचं आणि त्यातले महत्त्वाचे घटक लिहून, बाण काढून, प्रत्येक बाणाचं स्पष्टीकरण द्यायला सांगायचं. तेच तज्ज्ञांकडून करून घ्यायचं. शिकणाऱ्याचं चित्र तज्ज्ञांच्या चित्राकडे सरकतंय का ते पाहायचं. कागदावर हे फार देखणं वाटतं. मी तळ्यांवर काम करणाऱ्या काही तज्ज्ञांकडे गेले आणि प्रत्येकाने वेगळं चित्र काढलं. एकाचं रसायनशास्त्राने भरलेलं, दुसऱ्याचं माशांच्या अन्नसाखळीने, तिसऱ्याच्या चित्रात पाणी कमी आणि माणसं जास्त. मग 'तज्ज्ञांसारखं' म्हणजे कुणासारखं?

ती चित्रं मी बरेच दिवस शेजारी शेजारी लावून ठेवली. घटक जुळत नव्हते, पण इतर काही जुळत होतं. प्रत्येकाने पेन उचलण्याआधी मलाच प्रश्न विचारले होते, आणि त्यातला एक सगळ्यांचा सामाईक: तळं किती खोल आहे? उथळ आणि खोल तळ्यांची वागणूक अगदी निराळी असते. प्रत्येकाच्या चित्रात बाण फिरून मूळ जागी येत होते. शेवाळ वाढतं, प्रकाश अडतो, तळाच्या वनस्पती मरतात, त्यामुळे गाळ हलतो, आणि शेवाळाला आणखी खाद्य मिळतं. आणि जवळजवळ प्रत्येक बाणावर काळ लिहिलेला होता: 'लगेच', 'एक हंगाम', 'दहा वर्षं'. विद्यार्थ्यांच्या चित्रांत बाण सरळ रेषेत जायचे आणि काळ कुठेच नसायचा. मग आम्ही घटकांची नावं जुळवणं सोडून दिलं. फेरे किती, विलंब किती, आणि चित्र काढण्याआधी विचारलेले प्रश्न कोणते, एवढंच तपासायचं ठरवलं. माझ्या मते सगळ्या प्रबंधातला वापरण्याजोगा भाग हा, पण परिषदांमध्ये लोक सिम्युलेशनचा डेमोच मागतात.

तपासणी दोघींनी स्वतंत्रपणे करायची होती. सुरुवातीला आमचा कोहेनचा कॅपा, म्हणजे दोन तपासणाऱ्यांचं किती जुळतं ते सांगणारा आकडा, इतका खाली आला की माझी सहकारी म्हणाली, आपण एकच कागद बघतोय ना? घोळ 'विलंब' या कोडमध्ये होता. 'हळूहळू वाढेल' असं कुणी लिहिलं तर तो विलंब धरायचा की नुसती भाषेची लकब? ती धरत होती, मी धरत नव्हते. शेवटी नियम केला: परिणाम कारणानंतर सुरू होतो किंवा कारण संपल्यावरही चालू राहतो असं लिहिलेलं हवं. कॅपा सुधारला. मात्र कागदांचा सगळा गठ्ठा पहिल्यापासून पुन्हा वाचावा लागला. त्याला इलाज नव्हता.

मुख्य अभ्यासात दोन आवृत्त्या होत्या. एकीत हिंटचं बटण होतं, जे पायऱ्यापायऱ्यांनी अधिकाधिक सांगत जायचं. दुसरीत हिंट नाही. त्याऐवजी दर काही वर्षांनी सिम्युलेशन थांबायचं आणि पुढच्या पाच वर्षांत शेवाळाचा आलेख कसा जाईल ते माऊसने स्वतः काढायला लावायचं. काढल्याशिवाय पुढे जाता येत नसे. मग खरा आलेख त्यावर उमटायचा आणि दोन्हींतला फरक का पडला ते एका ओळीत लिहायचं. आधी भाकीत, मग निरीक्षण, मग स्पष्टीकरण, ही विज्ञानशिक्षणातली जुनी रीत. मी तिला फक्त सिम्युलेशनच्या आत बसवलं.

हिंटवाल्या गटाला सत्र आवडलं. भाकीतवाला गट वैतागला. "परत आलेख?" हे वाक्य रेकॉर्डिंगमध्ये इतक्या वेळा आहे की रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढणाऱ्याने त्यासाठी शॉर्टकट केला होता. आणि गुण? हिंटवाल्यांची तळी सरासरीने जास्त वाचली. ते आकडे मॅडमना दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, "लॉग बघितलेस का?"

लॉगमध्ये प्रत्येक क्लिक वेळेसह असते. हिंटवाल्या गटातले बरेच जण पहिली, दुसरी, तिसरी हिंट न वाचताच भराभर दाबत शेवटच्या, थेट उत्तर सांगणाऱ्या हिंटपर्यंत पोहोचत होते. एवढ्या वेळात ती वाचणं शक्यच नव्हतं. हे नवीन नाही. अलेव्हन आणि कोडिंगर यांनी संगणकीय शिकवण्यांमध्ये मदतीच्या बटणाचा असा वापर दाखवला होता, आणि रायन बेकर यांनी २००४ साली 'गेमिंग द सिस्टिम' या नावाखाली त्याचा नीट अभ्यास केला. मी तो निबंध आधीच वाचला होता. आपल्याच विद्यार्थ्यांच्या क्लिक ओळीने बघताना मात्र वेगळं वाटतं. त्यांना वाईटही म्हणता येत नव्हतं; तळं वाचवा असं सांगितलं होतं, त्यांनी वाचवलं.

खरी कसोटी पुढच्या कामाची होती. आठवड्यानंतर दोन्ही गटांना एक सर्वस्वी वेगळी समस्या दिली: एका हेल्पलाइनवर तुंबत चाललेल्या तक्रारी. नवी माणसं घेता येतात, पण ती तयार व्हायला महिने लागतात आणि तोवर जुन्या माणसांचा वेळ त्यांना शिकवण्यात जातो. म्हणजे भरती केल्यावर काही काळ परिस्थिती आणखी बिघडते. तळं आणि हेल्पलाइन यांचा सांगाडा एकच. पण सांगाडा ओळखणं माणसाला सहजासहजी जमत नाही. गिक आणि होलिओक यांनी १९८० साली दाखवलं होतं की नुकतीच वाचलेली गोष्ट पुढच्या कोड्याची किल्ली असली तरी 'ती गोष्ट वापरून बघ' असं सुचवल्याशिवाय बहुतेकांना ती आठवत नाही. म्हणून मीही फार आशा धरली नव्हती.

हेल्पलाइनच्या चित्रांमध्ये भाकीतवाल्या गटाचे फेरे आणि विलंब स्पष्टपणे जास्त होते. गुणांमधला फरक तेवढा ठळक नव्हता. आणि त्या गटातल्या काही जणांनी सुरुवातीचे दोन महिने काहीच न बदलता पुढे नेले. लॉगमध्ये ती ओळ दिसली, चारही मूल्यं जशीच्या तशी आणि खाली 'पुढचा महिना', तेव्हा मला शेजारच्या खोलीतल्या सगळ्यांना बोलवावंसं वाटलं. बोलावलंही. कुणाला त्यात एवढं काय ते कळलं नाही.

निबंध पाठवल्यावर एका समीक्षकाने नेमकं बोट ठेवलं: भाकीतवाल्या गटाने जास्त वेळ घालवला, मग फरक भाकिताचा की वेळेचा? रास्त प्रश्न. वेळ गणितात धरून विश्लेषण पुन्हा केलं, फरक कमी झाला, पण उरला. एकाच वर्गातली मुलं एकमेकांपासून स्वतंत्र मानता येत नाहीत, तोही हिशेब धरल्यावर दावा आणखी थोडा आखडता घेतला. छापून आला तो निबंध पहिल्या मसुद्यापेक्षा बराच सौम्य आहे आणि मला तोच बरा वाटतो. दुसऱ्या समीक्षकाला मात्र सिम्युलेशनचे रंग आवडले नव्हते.

व्हायवात, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "सुरुवातीच्या नवख्या माणसाला तुम्ही हिंट नाकारताय. मग तो बुडेल त्याचं काय?" त्यांचा रोख स्वेलर यांच्या आकलनभाराच्या सिद्धांताकडे (एका वेळी डोक्यावर फार भार पडला तर शिकणं खुंटतं) होता, आणि २००६ साली कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी अल्प मार्गदर्शनाच्या पद्धतींवर केलेल्या टीकेकडे. मी म्हटलं, भाकीत हीसुद्धा मदतच आहे, फक्त ती उत्तराकडे नेत नाही, लक्ष कुठे द्यायचं ते दाखवते. आणि ज्यांची पूर्वचाचणी अगदीच कच्ची होती त्यांच्या बाबतीत तुमचं म्हणणं खरं आहे. त्या मुलांना भाकिताचा उपयोग झालेला माझ्या आकड्यांत दिसत नाही. त्यांनी मान हलवली आणि तीच ओळ निष्कर्षाच्या प्रकरणात घालायला सांगितली. ती आता तिथे आहे.

सध्या पूर्वचाचणीत कच्च्या ठरलेल्या त्याच मुलांसाठी वेगळी आवृत्ती करतेय. तिच्यात पहिली काही वर्षं स्लायडर बंद असतात. तळं आपणहून पुढे सरकतं, आणि विद्यार्थ्याने फक्त आत काय येतंय, बाहेर काय जातंय आणि साठा किती झालाय याची नोंद ठेवायची. पायलटमधल्या पहिल्याच विद्यार्थ्याने दुसऱ्या वर्षी विचारलं, "हे स्लायडर चालत नाहीत, बिघडलेत का?" मी म्हटलं, "बोलत राहा."